हातसडीचा तांदूळ अंगी लागावा म्हणून: भिजवणं, आंबवणं आणि ताटात काय वाढायचं

माझी मुलगी दहावीत असताना तिचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. मी लगेच घरातला पांढराशुभ्र तांदूळ बंद केला आणि नवापूरकडचा हातसडीचा तांदूळ आणायला लागले. आम्ही शहाद्याचे. रात्री तुरीच्या डाळीची खिचडी झाली नाही तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे हा बदल रोजच्या रोज तिच्या पोटात जाणार याची मला खात्री होती. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. ९.९.

चूक तांदळाची नव्हती. त्याच्या ज्या तांबूस थरात लोह आणि झिंक असतं, त्याच थरात त्यांना धरून ठेवणारा फायटिक ॲसिड नावाचा पदार्थही असतो, हे मला माहीत नव्हतं. मी तिजोरी घरी आणली होती, किल्ली नाही. ती किल्ली शोधायला मला बराच काळ लागला. जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे तुमचे तीन महिने वाया जाणार नाहीत.

सुरुवातीलाच, विशेषतः नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतल्या घरांसाठी

हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे लोहच कमी आहे, असं धरून चालू नका. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा समाजांत तो अधिक आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. म्हणून पहिली पायरी स्वयंपाकघरात नसून प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे: सिकलसेलची तपासणी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. पोटातले जंत आणि पाळीतला जास्त रक्तस्राव हीदेखील मोठी कारणं आहेत. ती तशीच राहिली तर खाली लिहिलेलं सगळं करूनही आकडा हलणार नाही.

दाण्यात नेमकं काय असतं

भाताचं तूस काढलं की आत तांबूस दाणा मिळतो. त्याच्यावर कोंड्याचे पातळ थर, एका टोकाला अंकुर आणि मध्ये पांढरा गाभा. गाभा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. फायटिक ॲसिडचा फार मोठा हिस्सा कोंड्यात, त्यातही गाभ्याला चिकटलेल्या आतल्या थरात साठलेला असतो. मिलमध्ये पॉलिश केलं की तो निघून जातो, आणि त्याच्याबरोबर लोह, झिंक आणि ब१ जीवनसत्त्वही जातं.

फायटिक ॲसिडच्या एका रेणूत सहा फॉस्फेट असतात. रोपासाठी ती फॉस्फरसची शिदोरी असते. बियाण्यातल्या एकूण फॉस्फरसपैकी साधारण ६० ते ८० टक्के याच रूपात असतो. या फॉस्फेटांवर ऋण भार असल्यामुळे लोह, झिंक, कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यांना घट्ट चिकटतात. आपल्या आतड्यात ती गाठ सोडवणारं फायटेज नावाचं एन्झाइम नगण्य आहे. म्हणून त्या क्षारांचा मोठा भाग शरीरात न शिरता तसाच बाहेर पडतो.

बी रुजतं तेव्हा मात्र दाण्यातलंच फायटेज जागं होतं आणि गाठ सुटते. त्यासाठी त्याला पाणी, ऊब, थोडा आंबटपणा आणि वेळ लागतो. पुढच्या सगळ्या कृती या चार गोष्टींवरच उभ्या आहेत.

याचं गांभीर्य जगाला कळलं ते इराणमध्ये. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ साली शिराझ भागातल्या वाढ खुंटलेल्या तरुणांबद्दल लिहिलं. त्या मुलांचा आहार म्हणजे मुख्यतः न आंबवलेली, कोंड्यासकट गव्हाची रोटी. पुढच्या काही वर्षांत या विकारामागे झिंकची कमतरता असल्याचं आणि रोटीतलं फायटेट (म्हणजे हेच फायटिक ॲसिड, क्षारांना चिकटलेल्या रूपात) झिंक अडवत असल्याचं स्पष्ट होत गेलं. खाणं पोटभर होतं, तरी उंची वाढत नव्हती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतल्या मागच्या बाकावरच्या कितीतरी बारीक मुली आठवल्या.

थोडा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही

आहारतज्ज्ञ फायटेट आणि क्षार यांचं गुणोत्तर काढतात. फायटेटचे मिलिग्रॅम ६६० ने भागायचे, झिंकचे मिलिग्रॅम ६५.४ ने, लोहाचे ५५.८ ने, आणि फायटेटच्या आकड्याला क्षाराच्या आकड्याने भागायचं. झिंकसाठी हे गुणोत्तर १५ च्या खाली असावं. लोहासाठी, ताटात आंबट किंवा मांसाहारी काही नसेल तर, १ च्या खाली, शक्यतो ०.४ च्याही खाली.

१०० ग्रॅम बिनपॉलिश तांदळात साधारण ७५० मिलिग्रॅम फायटेट आणि १.७ मिलिग्रॅम झिंक धरलं, तर गुणोत्तर ४० च्या पुढे जातं. पांढऱ्या तांदळात फायटेट २६०-२७० आणि झिंक १.२ धरलं, तर ते २० च्या थोडं वर राहतं. म्हणजे न भिजवता, न आंबवता खाल्लेला बिनपॉलिश तांदूळ झिंकच्या बाबतीत पांढऱ्यापेक्षा फारसा पुढे नाही. हातसडीत थोडा कोंडा निघून जातो, म्हणून तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो.

आता बिनपॉलिश तांदळातलं ८० टक्के फायटेट काढून टाकलं असं समजा. झिंकचं गुणोत्तर ९ च्या आसपास येतं, म्हणजे काम झालं. लोहाचं मात्र ६० च्या घरातून १२ पर्यंतच उतरतं. हवं आहे १ च्या खाली. कितीही भिजवलं तरी हे अंतर भरून निघणं अवघड.

हा हिशेब वहीत मांडला तेव्हा माझ्या डोक्यातला गोंधळ मिटला. झिंकची सोय भांड्यात होते, लोहाची ताटात. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

पायरी पहिली: कोणत्या तांदळावर मेहनत घ्यायची

पांढऱ्या पॉलिश तांदळावर घेऊ नका. त्यात मुळात फायटेट कमी आहे. दोनदा हलक्या हाताने धुवा, अर्धा तास भिजवा आणि शिजवा. सात-सात पाणी काढून तो चोळत बसलात तर उरलंसुरलं ब जीवनसत्त्वही मोरीत जाईल. पांढरा तांदूळ खाणाऱ्यांनी थेट ताटाच्या पायरीवर जावं.

रेशनच्या तांदळात कधी काही दाणे किंचित वेगळ्या रंगाचे दिसतात आणि धुताना कधी वर तरंगतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब१२ मिसळून केलेले ते दाणे आहेत, साधारण शंभरास एक या प्रमाणात घातलेले. निवडून फेकू नका.

उकडा तांदूळ वेगळ्या जातीचं प्रकरण आहे. भात तुसासकट उकडल्यामुळे ब जीवनसत्त्व गाभ्यात शिरतं, हे चांगलं. पण उष्णतेने त्याचं स्वतःचं फायटेज मेलेलं असतं आणि त्याला मोडही येत नाहीत.

मेहनतीला खरा लायक तो हातसडीचा किंवा फक्त तूस काढलेला तांदूळ. तो ताजा घ्या, एका वेळी महिन्याभराचाच. कोंड्यात तेल असतं. आपल्या उन्हाळ्यात त्याला महिन्या-दीड महिन्यात खवट वास येतो.

पायरी दुसरी: भिजवणं, आणि गव्हाची मदत

साध्या थंड पाण्यात रात्रभर ठेवलेल्या बिनपॉलिश तांदळातलं फायटेट फार तर पाचवा हिस्सा कमी होतं. तांदळाचं स्वतःचं फायटेज दुबळं आहे. गव्हाचं मात्र जोरदार असतं. म्हणून ते उसनं घ्यायचं.

दोन वाट्या तांदूळ धुवून घ्या. बोटाला सोसेल इतकं कोमट पाणी, साधारण ४५ अंश, तांदळाच्या वर तीन बोटं येईल एवढं ओता. त्यात घरच्या चक्कीवरचं ताजं, न चाळलेलं गव्हाचं पीठ दोन चमचे कालवा. पाकीटबंद मैदा चालणार नाही, कारण फायटेज कोंड्याकडच्या भागात जास्त असतं. वरून दोन चमचे आंबट ताक किंवा अर्ध्या लिंबाचा रस. हे एन्झाइम किंचित आंबट पाण्यात, पीएच ५ च्या आसपास, सगळ्यात चांगलं काम करतं. झाकण ठेवून भांडं उबेला ठेवा.

वेळ ऋतूवर ठरते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा आठ तासांत काम होतं. त्याहून जास्त ठेवलं तर घाण वास येईल. पौषात धुळ्याची थंडी बोचते तेव्हा अठरा-वीस तास लागतात. भांडं गोधडीत गुंडाळून चुलीजवळ किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवा.

ताकाऐवजी खाण्याचा सोडा घालायची चूक कोणी करू नये. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, फायटेज थंडावतं आणि ब१ नष्ट होतं. डाळ लवकर शिजावी म्हणून कुकरमध्ये सोडा टाकायची सवयही त्याच कारणाने सोडा.

पायरी तिसरी: आंबवणं, जिथे खरा फरक पडतो

बिनपॉलिश तांदळावरच्या प्रयोगांत आंबवण्याने फायटेट निम्म्याहून जास्त, चांगलं साधलं तर ९० टक्क्यांच्याही वर कमी झालेलं आढळलं आहे. घरी ते असं करायचं.

पहिल्या खेपेला तांदूळ कोमट पाण्यात २४ तास भिजवा. निथळताना त्या पाण्यातलं कपभर बाजूला काढून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला भिजवताना हे पाणी ताज्या पाण्यात मिसळा, एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकं. पुन्हा २४ तास, पुन्हा कपभर बाजूला. विरजणासारखंच आहे हे. दर खेपेला आंबवणारे जिवाणू वाढत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून पाण्याला दह्याच्या निवळीसारखा स्वच्छ आंबट वास येऊ लागतो. असा वास आला की समजायचं, जमलं. कुजका वास, गुलाबी किंवा काळी झाक, बुरशी यातलं काहीही दिसलं तर तांदूळ आणि विरजण दोन्ही टाकून नव्याने सुरुवात करा. निथळलेला तांदूळ एकदा धुतला की शिजल्यावर आंबटपणा जवळजवळ जाणवत नाही. पाणी मात्र नेहमीपेक्षा कमी लागतं, आणि कुकरच्या दोन शिट्ट्या पुरतात.

अख्ख्या दाण्यापेक्षा कणीत हे काम लवकर होतं, कारण पाणी आतपर्यंत पोचतं. म्हणून माझं आवडतं रूप म्हणजे धिरडी. तीन वाट्या भिजवलेला हातसडीचा तांदूळ आणि एक वाटी उडदाची डाळ वाटायची, रात्रभर आंबवायची, सकाळी हिरवी मिरची, जिरं, लसूण घालून लोखंडी तव्यावर टाकायची. लहान मुलं भाताला नाक मुरडतात, पण याला कधी नाही म्हणत नाहीत.

इथे मला थांबून आमच्या मोठ्या मायबद्दल सांगितलंच पाहिजे. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी अंगणात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट असायचा. ज्वारी ओलसर करून कांडायची, कोंडा पाखडायचा, मग तीन दिवस पाण्यात भिजत घालायची. माय रोज सकाळी हंड्यावरचं झाकण उचलून वास घ्यायची आणि शेजारणीला विचारायची, “आंबनी का तुन्ही जवारी?” आंबट वास आल्याशिवाय ज्वारी दळायला जायची नाही. कुरडयांच्या गव्हालाही तसेच तीन दिवस. ज्वारी कांडून कोंडा काढणं, मग पाणी, ऊब, आंबटपणा आणि वेळ देणं: फायटेट कमी करायचे जे मार्ग आज सांगितले जातात त्यातले बहुतेक त्या एका हंड्यात होते. त्या बायकांना फायटेज हा शब्द माहीत नव्हता, पण वास कधी बरोबर येतो हे पक्कं माहीत होतं. वर्षातून एकदा बिबड्यांसाठी घेतलेली मेहनत आपण आठवड्यातून दोनदा तांदळावर घ्यायची, एवढंच.

पायरी चौथी: डाळ, बाजरी, नागली (नाचणी)

खिचडीत अर्धी बाजू डाळीची असते. तांदळात फायटेट कोंड्यात असतं, पण डाळींत ते दाळिंब्यांतच, म्हणजे सालीखालच्या दोन भागांतच असतं. म्हणून साल काढलेली डाळ म्हणजे फायटेट नसलेली डाळ असं होत नाही. तूरडाळ चार-सहा तास कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाका. आठवड्यातून दोनदा तुरीऐवजी मोड आलेले मूग किंवा मटकी घाला.

बाजरी हिवाळ्यात आपलं मुख्य अन्न. तिच्यात लोह तांदळाच्या कितीतरी पट असतं, फायटेटही भरपूर. शेतकऱ्यांनी पेरायच्या वेळीच लोहयुक्त वाण निवडावा. ‘धनशक्ती’ हा वाण २०१२ साली महाराष्ट्रात आला, त्यात किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह आहे. भाकरीचं पीठ आंबवणं कोणालाच रुचत नाही, मलाही नाही. त्यापेक्षा बाजरी आठ-दहा तास भिजवून, सावलीत कडकडीत वाळवून मग दळून आणा. भाकरी थोडी गोडसर लागते.

बाळाला वरचं अन्न सुरू करताना नागलीचं सत्त्व करतात, ते मोड आणूनच करा. बारा तास भिजवून फडक्यात बांधा, मोड दिसले की सावलीत वाळवा, मंद भाजा, दळा. आणि एक छोटी युक्ती: तांदळाची पेज शिजवून कोमट झाल्यावर त्यात मोडाच्या नागलीचं न भाजलेलं पीठ चमचाभर ढवळा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग पुन्हा एक उकळी आणून भरवा. पेज पातळ होते, बाळ जास्त खातं, आणि मोडांतलं एन्झाइम थोडं फायटेटही फोडतं. शेवटची उकळी चुकवू नका, कच्चं पीठ बाळाला चालत नाही.

पायरी पाचवी: ताट, म्हणजे लोहाची किल्ली

क जीवनसत्त्व लोहाला फायटेटच्या तावडीत सापडू देत नाही. एका जेवणात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असावं. खिचडीवर पिळलेल्या अर्ध्या लिंबातून जेमतेम ८-१० मिलिग्रॅम मिळतं, म्हणून नुसतं लिंबावर विसंबू नका. एक मध्यम पेरू किंवा एक आवळा ही गरज एकट्याने भागवतो. हिवाळ्यात दोन्ही आपल्याकडे स्वस्त असतात. उन्हाळ्यात कैरीचा कच्चा कीस, कोथिंबीर, टोमॅटो. हे सगळं कच्चं आणि त्याच जेवणात हवं. सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या खिचडीला उपयोगी नाही. लिंबू कुकरमध्ये पिळू नका, ताटात पिळा.

धडगावच्या आमचूराबद्दल खूपजणी विचारतात. वाळवताना त्यातलं बरंचसं क जीवनसत्त्व जातं, पण फळातली आम्लं राहतात आणि तीही लोह विरघळलेलं ठेवायला मदत करतात. आमचूर किंवा चिंच घातलेली डाळ लोखंडी कढईत करा, त्या आंबटपणाने कढईतलंही थोडं लोह डाळीत उतरतं. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

लसूण आणि कांदा तर आपल्या ताटात असतातच. म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेत धान्य आणि डाळींवर झालेल्या प्रयोगशाळेतल्या कामात त्यांनी लोह आणि झिंक दोन्हींची उपलब्धता वाढलेली दिसली. तेव्हा खिचडीबरोबरचा लसणाचा ठेचा आणि फोडलेला कांदा हक्काने घ्या. मांसाहारी घरांत तापीचे मासे, खेकडे, मटण यांचा लहानसा तुकडाही भातातलं लोह आणि झिंक शोषायला मदत करतो. शाकाहाऱ्यांनी झिंकसाठी दही, ताक, कढी सोडू नये.

चहा मात्र जेवणापासून दूर ठेवा, आधी आणि नंतर किमान एक तास. चहातले टॅनिन लोहाला फायटेटइतकंच अडवतात. माझ्या मुलीच्या बाबतीत मी तांदळाकडे पाहत राहिले आणि ती रोज सकाळी चहाबरोबर पोळी आणि रात्री खिचडीनंतर लगेच अर्धा कप चहा घेत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्याही चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत.

किती करायचं, कोणासाठी करायचं

फायटिक ॲसिड हे विष नाही. ते अँटिऑक्सिडंट आहे आणि मूत्रात खडे जमायला अटकाव करतं. ज्यांच्या ताटात भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे नियमित असतात त्या निरोगी पुरुषाने हातसडीचा भात साधा भिजवून खाल्ला तरी काही बिघडत नाही. ही सगळी खटपट सहा महिने ते दोन वर्षांची बाळं, वयात येणाऱ्या मुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आणि जिथे तिन्ही त्रिकाळ फक्त धान्य पोटात जातं ती घरं यांच्यासाठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आपल्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांचा हा प्रश्न आहे.

आमच्याकडे आता रविवारी आणि बुधवारी रात्री तांदूळ विरजणाच्या पाण्यात पडतो. सोमवार-मंगळवार आणि गुरुवार-शुक्रवार त्याचीच खिचडी आणि धिरडी होतात. निथळलेला तांदूळ फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. शनिवारी पांढरा भात, आमटी आणि भरपूर लिंबू. गावाला जायचं असेल तर विरजणाची बरणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. त्याहून जास्त दिवस झाले तर टाकून द्या आणि साध्या पाण्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, तीन खेपांत ते परत जमतं. रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी करा, कारण लाल पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं असतं.

चहाची वेळ बदलून, पेरू-आवळा सुरू करून आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घेऊन मुलीचा पुढचा आकडा ११.४ आला. त्यात किती वाटा गोळ्यांचा आणि किती भांड्याचा हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. गोळ्यांचा कोर्स संपून वर्ष झालं. गेल्या महिन्याचा आकडा १२.१ आहे.